तांब्याची जन्मवेळ

घरोघरी घड्याळे आली नव्हती त्या काळी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी जोशीबुवा घटिकापात्र मांडीत असत. पाण्याने भरलेल्या घंगाळात पातळ पत्र्याची एक तांब्याची वाटी अलगद सोडलेली असे. वाटीच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढे छिद्र असे. त्यातून पाणी हळूहळू आत शिरे, वाटी जड होत जाई आणि एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, पुरी होताच ती बुडून तळाशी बसे. मग ती उचलून, रिकामी करून, पुन्हा पाण्यावर सोडावयाची. अशा किती वाट्या बुडाल्या हे मोजले की दिवस किती सरला ते कळे. मांडवात कितीही धांदल असो, वाटीजवळ बसलेल्या माणसाला जागचे हलण्याची मुभा नसे.

हे घड्याळ साधे होते. पण त्याच्याही तीन अटी होत्या. पाण्यावर सोडताना वाटी अगदी कोरडी व रिकामी असली पाहिजे. छिद्र नेहमी तेवढेच राहिले पाहिजे. ते बुजता कामा नये की मोठे होता कामा नये. आणि वाटीला दुसरीकडे कोठे चीर असता कामा नये. यांपैकी एखादी अट मोडली तर मुहूर्त चुकलाच म्हणून समजावे. या तिन्ही अटी ध्यानात ठेवणे बरे, कारण पुढे त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

तांब्याच्या वाटीने माणसाला वेळ सांगितली. पण त्या वाटीतील तांब्याची स्वतःची जन्मवेळ कोणती? तांबटाने पत्रा ठोकून वाटी घडविली, तो वाटीचा जन्म झाला. त्याआधी कोणीतरी भट्टीत धातुक वितळवून तांबे वेगळे काढले असणार. आणि त्याहीआधी ते धातुक कोठेतरी डोंगराच्या पोटात पडून होते. तेथे ते केव्हा आले? तांब्याचे अणू तर पृथ्वीहूनही जुने आहेत; ते प्राचीन ताऱ्यांच्या पोटात तयार झाले. तेव्हा प्रश्न अणूंच्या जन्माचा नाही, ते एके जागी गोळा झाले त्या वेळेचा आहे. पृथ्वीच्या कवचात तांबे सर्वत्र विखुरलेले आहे, पण सरासरी पाहिली तर एक टन खडकात ते शंभर ग्रॅमही भरत नाही. एवढ्यासाठी कोणी डोंगर फोडीत नाही. ज्या खडकात टनामागे निदान काही किलो तांबे साचले असेल, तोच खाणीच्या उपयोगाचा. असा साठा होणे ही निसर्गातील विरळा घटना आहे, आणि तिचा काळ ठरविणे हे भूशास्त्रज्ञांचे एक अवघड काम आहे.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गोंदिया जिल्हा आहे. त्याला लागून मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्हा पसरला आहे. या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात मलाजखंड नावाचे गाव आहे. येथे १९८२ साली तांब्याची मोठी उघडी खाण सुरू झाली. डोंगराच्या जागी आज एक प्रचंड खळगा दिसतो. त्याच्या कडांना पायऱ्यापायऱ्यांचे कठडे कापलेले आहेत. तळाशी चालणारी अवजड वाहने वरून पाहणाऱ्यास खेळण्यांसारखी भासतात. सभोवार गुलाबी व करड्या रंगाचा ग्रॅनाइट खडक आहे. या ग्रॅनाइटात गारगोटीचा एक जाड पट्टा धनुष्यासारखा बाक घेऊन गेला आहे. त्या पांढुरक्या गारगोटीत सोनेरी पिवळ्या रंगाचे डाग चमकतात. नवखा मनुष्य त्यांना सोने समजेल; पण ते कॅल्कोपायराइट, म्हणजे तांबे, लोखंड व गंधक यांचे संयुग होय. क्वचित कोठे रुपेरी करड्या रंगाचे, बोटाला मऊ लागणारे आणि कागदावर शिसपेन्सिलीप्रमाणे रेघ उमटविणारे पापुद्रेही आढळतात. त्या खनिजाचे नाव मॉलिब्डेनाइट. खाणीतील कामगाराची नजर पिवळ्या डागांवर असते. वेळ शोधणाऱ्याची नजर मात्र या करड्या पापुद्र्यांकडे जाते.

ग्रॅनाइट कसा झाला याविषयी आज शंका उरलेली नाही. पृथ्वीच्या पोटात कित्येक किलोमीटर खोल खडक वितळून शिलारस होतो. तो आजूबाजूच्या खडकाहून हलका असल्याने वर चढू पाहतो, जुन्या खडकात घुसतो आणि पृष्ठभागापर्यंत न पोहोचता आतल्या आत सावकाश निवून कठीण होतो. यालाच अंतर्वेशी खडक म्हणतात. शिलारसात पाणीही मुरलेले असते. रस गोठू लागला की त्यातील स्फटिक पाण्याला जागा देत नाहीत. मग हे अतितप्त, खारट पाणी उरलेल्या रसातून बाहेर पडते. सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच जसा वायू उसळून येतो तसाच हा प्रकार. त्या पाण्याच्या जोराने वरचा खडक तडकतो आणि असंख्य भेगांतून ते वर धावते. जाताना शिलारसातील तांबे, गंधक आणि इतर द्रव्ये ते आपल्याबरोबर विरघळवून नेते. वर गारवा लागला, दाब कमी झाला की एवढे ओझे त्याला पेलवत नाही. साखरेचा दाट, कढत पाक संथपणे निवत ठेवला की दोऱ्याभोवती खडीसाखरेचे खडे धरतात. त्याचप्रमाणे भेगांच्या कडांवर गारगोटी आणि तांब्याची खनिजे धरू लागतात. भेग भरते, पुन्हा तडकते, पुन्हा भरते. असे पुष्कळदा झाले म्हणजे खाण होण्याजोगा साठा तयार होतो.

पण मलाजखंडातही असेच घडले हे कशावरून? सगळ्या वादाचे मूळ येथे आहे. ग्रॅनाइटात तांबे सापडले म्हणून ते ग्रॅनाइटाचेच अपत्य असे लगेच म्हणता येत नाही. एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीत चिमणीचे घरटे असले तर ते गवंड्याने बांधले असे कोणी म्हणेल काय? ग्रॅनाइट गोठून कोट्यवधी वर्षे लोटल्यावर जमिनीच्या हालचालींनी त्यास भेगा पडल्या असतील, आणि दुसरीकडूनच आलेल्या गरम पाण्याने तेथे तांबे आणून टाकले असेल, हेही शक्य आहे. हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. भारताला लागणाऱ्या तांब्याचा मोठा वाटा परदेशातून आणावा लागतो. नवा साठा हुडकावयाचा तर कोठे पाहावे? तांबे ग्रॅनाइटाबरोबर आले असेल तर त्याच वयाचे व त्याच जातीचे दुसरे ग्रॅनाइट धुंडाळले पाहिजेत. ते मागाहून आले असेल तर ग्रॅनाइट सोडून भेगांचा माग काढला पाहिजे. एक भोक पाडावयाचे म्हटले तरी पुष्कळ पैसा व श्रम खर्ची पडतात. चुकीच्या जागी शंभर भोके पाडणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही.

खडकांतील थोरलेधाकटेपण ओळखण्याचा एक नियम फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १७८५ साली जेम्स हटन हा स्कॉटिश विद्वान ग्लेन टिल्ट नावाच्या खोऱ्यात हिंडत होता. तेथे नदीच्या पात्रात त्याला तांबूस ग्रॅनाइटाच्या शिरा काळसर खडकात घुसलेल्या दिसल्या. ग्रॅनाइट हा पृथ्वीवरील सर्वांत आद्य खडक असून तो पाण्यातून साचला असे त्या वेळचे पुष्कळ विद्वान मानीत. पण जो खडक दुसऱ्यात घुसतो तो त्याच्या नंतरचा असलाच पाहिजे, आणि घुसण्यासाठी तो आधी वितळलेला असला पाहिजे. या दोन गोष्टी त्या शिरांनी हटनला दाखवून दिल्या. कापणारा तो धाकटा आणि कापला जाणारा तो थोरला, असा हा नियम. मलाजखंडात गारगोटीच्या शिरा ग्रॅनाइटाला कापतात. म्हणून तांबे ग्रॅनाइटाहून धाकटे. पण कितीने धाकटे? दहा हजार वर्षांनी की शंभर कोटी वर्षांनी? येथे हटनचा नियम मौन धरतो. दोघा भावांत थोरला कोण हे चेहऱ्यावरून ओळखता येते. जन्मसाल मात्र चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

हे जन्मसाल वाचण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी हाती आली. हेन्री बेक्वेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९६ साली असे दिसून आले की, युरेनियमाच्या क्षारांतून आपोआप अदृश्य किरण बाहेर पडतात. युरेनियमाचे अणू एकामागून एक फुटत असतात आणि अनेक पायऱ्या उतरून शेवटी त्यांचे शिसे होते, हे पुढे कळून आले. ही फुटण्याची गती ठरलेली असते. खडक तापो की निवो, त्यावर डोंगराचे ओझे पडो की समुद्राचे, अणू आपल्याच चालीने फुटत राहतात. तेव्हा एखाद्या खनिजात किती युरेनियम उरले आहे आणि किती शिसे साठले आहे हे मोजले, तर ते खनिज केव्हा जन्मले हे सांगता आले पाहिजे. बर्ट्रम बोल्टवुड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली या मार्गाने काही खनिजांची वये काढून दाखविली. त्याचे आकडे पुढे दुरुस्त करावे लागले, पण वाट खरी निघाली.

घटिकापात्राची आठवण येथे होते. युरेनियम म्हणजे बाहेरचे पाणी, शिसे म्हणजे वाटीत साचलेले पाणी, आणि फुटण्याची ठरलेली गती म्हणजे बुडाचे छिद्र. फरक इतकाच की, अणूंचे फुटणे एकसारख्या संख्येने होत नाही. ताटात लाडू असावेत आणि प्रत्येक पंगतीने उरलेल्यांपैकी निम्मे संपवावेत, तसा हा हिशेब आहे. १०० चे ५०, ५० चे २५, असे. निम्मे संपण्यास जो काळ लागतो त्यास अर्धायुष्य म्हणतात. युरेनियमाच्या एका प्रकाराचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे, तर दुसऱ्या प्रकाराचे सुमारे ७० कोटी वर्षे आहे. म्हणजे एकाच खनिजात वेगवेगळ्या गतीने चालणारी दोन घड्याळे एकत्र बसविलेली असतात. दोन्ही एकच वेळ दाखवीत असतील तर निश्चिंत व्हावे. त्यांत अंतर पडले तर वाटीला कोठेतरी चीर आहे असे ओळखावे.

आता अशी वाटी मिळणार कोठे? ग्रॅनाइटात झिर्कॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. ते बहुधा वाळूच्या कणाहूनही लहान असतात. शिलारसातून झिर्कॉनाचा स्फटिक वाढत असता तो युरेनियमास आत घेतो, पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. घटिकापात्राची पहिली अट, आरंभी वाटी रिकामी असण्याची, येथे निसर्गानेच पुरी केली आहे. शिवाय झिर्कॉन मोठा चिवट असतो. खडक पुन्हा चांगला तापला तरी तो आपल्यातील शिसे सहसा निसटू देत नाही. हे कण मिळविण्यासाठी खडकाचा चुरा करतात. जड कण हलक्यांपासून वेगळे काढतात. आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडून घेतात. मग केसाच्या जाडीहूनही अरुंद अशी विद्युत्भारित कणांची तिरीप त्यावर सोडून, उडालेल्या अणूंची वजने यंत्राने पाहतात. एका कणासाठी केवढा हा खटाटोप! पण त्या कणाने ग्रॅनाइटाचा जन्मकाळ उराशी जपून ठेवलेला असतो.

सर्वच खनिजे इतकी विश्वासू नसतात. ग्रॅनाइटातील काळ्या अभ्रकात पोटॅशियम असते. त्याच्या एका विरळ प्रकाराचे अणू फुटून आर्गॉन नावाचा वायू होतो. हेही घड्याळच आहे. परंतु अभ्रक सुमारे ३०० अंश तापले की आर्गॉन त्यातून निसटू लागतो. पुढे केव्हा तरी खडक तापला, की साठलेला वायू निघून जातो आणि मोजणी नव्याने सुरू होते. मग ते खनिज आपल्या जन्माची वेळ सांगत नाही. शेवटच्या तापाची सांगते. रुबिडियम व स्ट्रॉन्शियम या जोडीचे घड्याळही अशा बिघाडाला बळी पडू शकते. मलाजखंडाच्या ग्रॅनाइटाचे वय या जोडीवरून पूर्वी काढलेले होते. ते झिर्कॉनावरून पुढे निघालेल्या वयापेक्षा बरेच कमी भरले होते. म्हणून तसले घड्याळ निरुपयोगी ठरते असे मात्र नाही. खडक केव्हा निवला हे जाणावयाचे असेल तर अभ्रकासारखा दुसरा साक्षीदार मिळणे कठीण. प्रश्न कोणता आणि तो कोणास विचारावा, एवढे तारतम्य मात्र पाहिजे.

झिर्कॉनाने ग्रॅनाइटाचे वय सांगितले. पण तांब्याचे काय? कॅल्कोपायराइटात भरवशाचे घड्याळ सहजी मिळत नाही. येथे ते करडे, मऊ मॉलिब्डेनाइट कामास येते. ज्या गरम पाण्याने तांबे आणले त्यानेच मॉलिब्डेनाइटही आणून त्याच शिरांत बसविले. या खनिजात ऱ्हेनियम नावाची अतिविरळ धातू अल्प प्रमाणात असते. माणसाला ती १९२५ साली सापडली. ऱ्हाइन नदीवरून तिला हे नाव मिळाले. ऱ्हेनियमाचा एक प्रकार फुटून त्याचे ऑस्मियम होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४,१६० कोटी वर्षे आहे, म्हणजे विश्वाच्या वयाच्या तिप्पट! इतके मंद घड्याळ काय कामाचे, असे कोणासही वाटेल. पण मॉलिब्डेनाइट वाढत असता ऱ्हेनियम आत घेते आणि ऑस्मियमाला जवळपास फिरकू देत नाही. त्यामुळे आज त्यात जे ऑस्मियम आढळते ते आतच फुटून झालेले असते. वाटी आरंभी इतकी कोरडी असते की आत आलेला थेंबन् थेंब मोजता येतो.

ही मोजणी करताना एक धोका संभवतो. मॉलिब्डेनाइटाच्या मोठ्या पापुद्र्यात ऑस्मियम काळाच्या ओघात आतल्या आत सरकते. एका कोपऱ्यात ऱ्हेनियम अधिक तर दुसऱ्यात ऑस्मियम अधिक, असे होते. पापुद्र्याचा एखादाच टवका उचलून मोजला तर वय भलतेच येईल. म्हणून अनेक कण एकत्र घेऊन त्यांची पूड करतात, ती सारखी मिसळतात आणि मग आम्लाबरोबर काचेच्या बंद नळीत तापवून विरघळवितात. हे शहाणपण चुका झाल्यावरच आले. शास्त्रात असे वारंवार घडते.

मलाजखंडाच्या खडकावर व धातुकावर झालेल्या या मोजण्या २००४ साली प्रसिद्ध झाल्या. ग्रॅनाइटातील झिर्कॉनाचे वय सुमारे २४८ कोटी वर्षे निघाले. शिरांतील मॉलिब्डेनाइटाचे वय सुमारे २४९ कोटी वर्षे निघाले. इतक्या काळात मॉलिब्डेनाइटामधील त्या ऱ्हेनियमाच्या दर १०० अणूंपैकी फक्त ४ फुटले होते. आणि तेवढ्यावरून हा हिशेब लागला.

चौकस वाचक येथे अडखळल्याशिवाय राहणार नाही. शिरा ग्रॅनाइटाला कापतात, म्हणजे त्या धाकट्या. मग त्यांचे वय एक कोटीने जास्त कसे? मुलगा बापाहून मोठा कसा झाला? याचे उत्तर मोजमापाच्या स्वभावात आहे. कापडवाल्याचा गज असो की सोनाराचा काटा, प्रत्येक मापाला थोडी कमीजास्त असतेच. या दोन्ही मोजण्यांत ती ८० ते ९० लक्ष वर्षांची होती. ग्रॅनाइटाचे वय २४८ कोटींच्या थोडे वर असू शकते आणि धातुकाचे २४९ कोटींच्या थोडे खाली. दोन्ही आकडे मध्ये कोठेतरी एकमेकांना भिडतात. तेव्हा या आकड्यांवरून थोरला कोण हे ठरविता येत नाही. ते काम हटनच्या नियमाचे, आणि त्याने ते आधीच केले आहे. आकडे एवढेच सांगतात, आणि ठामपणे सांगतात, की दोघांच्या जन्मात शेकडो कोटी तर नाहीच, पण काही कोटी वर्षांचेही अंतर नाही. चिमणीचे घरटे आणि वाडा ही उपमा येथे लागू पडली नाही. तांबे ग्रॅनाइटाच्याच काळातले आहे.

सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसाने झाला तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी वाहिला. मलाजखंडाचे तांबे त्याच्या सदतीस-अडतीस पट जुने. ते शिरांत धरू लागले तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हते, मासा नव्हता, किडामुंगीही नव्हती. पाण्यात केवळ डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव होते, आणि हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता.

याच्या अगदी उलट उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिली देशात आहे. तेथे आटाकामाच्या रुक्ष वाळवंटात चुकीकामाता ही जगातील अतिविशाल खाणींपैकी एक आहे. तिचा उघडा खळगा सुमारे चार किलोमीटर लांब आहे. माणसे येथून फार प्राचीन काळापासून तांबे काढीत आली. १८९९ साली एका जुन्या, ढासळलेल्या भुयारात एका खाणकामगाराचे प्रेत जसेच्या तसे सुकलेले सापडले. त्याची हत्यारेही जवळच होती. तो इसवी सन ५५० च्या सुमाराचा असावा असे ठरले आहे. अशा अवशेषांचे वय कार्बनाच्या एका प्रकारावरून काढता येते. त्याचे अर्धायुष्य अवघे ५,७३० वर्षे. माणसासाठी हे घड्याळ उत्तम. पण तो मनुष्य जे तांबे खणीत होता त्यासाठी ते काहीच कामाचे नाही. लाखभर वर्षांत त्यातील सारे पाणी आटून जाते.

चुकीकामाताचा शिलारस सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी वर घुसला, असे तेथील झिर्कॉन सांगतात. म्हणजे ज्या काळात सह्याद्रीचा कातळ केव्हाच थिजून त्यावर नद्या वाहत होत्या, त्या काळात हे तांबे जन्माला येत होते. येथील मॉलिब्डेनाइटात दर दहा हजार ऱ्हेनियम अणूंपैकी केवळ पाच-सहाच फुटलेले असतात. खडक तरुण असल्यामुळे मोजमापाची कमीजास्त येथे ८०-९० लक्ष वर्षांची नसते, काही लक्ष वर्षांचीच असते. त्यामुळे मलाजखंडात जे दिसू शकत नाही ते येथे दिसले. तांबे एकदाच आले नाही. एक भर शिलारसाच्या पाठोपाठ पडली. दुसरी मोठी भर सुमारे ३ कोटी १० लक्ष वर्षांपूर्वी, म्हणजे तीस लक्षांहून अधिक वर्षांनी पडली. इतका वेळ एकच शिलारस तप्त राहू शकत नाही. एवढ्या आकाराचा खडक काही लक्ष वर्षांत निवतो. तेव्हा दुसऱ्या खेपेचे पाणी आणि उष्णता पुरविण्यास खाली नवा शिलारस आला असला पाहिजे, असा तर्क भूशास्त्रज्ञ करतात. वयातील अंतरावरून डोळ्यांना न दिसणाऱ्या दुसऱ्या शिलारसाचा सुगावा लागावा, ही या शास्त्राची करामत म्हटली पाहिजे.

उत्तर चिलीत अशा मोठ्या खाणींची एक रांगच आहे, आणि त्यांतील थोरथोर खाणींची वये साधारण ४ कोटी ३० लक्ष ते ३ कोटी १० लक्ष वर्षांच्या दरम्यान पडतात. त्या पट्ट्यात याहून जुने व याहून नवे ग्रॅनाइटासारखे खडकही आहेत. म्हणून तेथील शोधक नव्या टेकडीवर चढला की दगडाचे तुकडे पोतडीत घालतो आणि आधी झिर्कॉनाचे वय विचारतो. वय जुळले म्हणून तांबे असेलच असे नाही, कारण त्या काळातील पुष्कळ खडक कोरडेच निघाले आहेत. पण वय जुळले नाही तर यंत्र लावून खोल भोके पाडण्यापूर्वी तो दोनदा विचार करतो.

मलाजखंड हे चिलीच्या खाणींच्याच जातीचे आहे काय, यावर भूशास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. वयाचा मेळ पाहून काहीजण होय म्हणतात. गारगोटीच्या पट्ट्याची घडण पाहून काहीजण मान हलवितात. उघड्या खाणीच्या तळाखाली आता भुयारी खोदकाम हाती घेण्यात आले आहे. मात्र घड्याळाची कमीजास्त ८०-९० लक्ष वर्षांची असेतोवर एक गोष्ट तेथे कळणे कठीणच. चुकीकामाताप्रमाणे येथेही तांबे तीस लक्ष वर्षांच्या अंतराने दोन खेपांत आले असले, तरी मोजणीत ती एकच खेप दिसेल.